वसाहतकाळातल्या वैद्यकीय शिक्षणावर संशोधन कसे करावे

या विषयावरचे बहुतेक पहिले आराखडे एकाच साच्यातून निघतात: ‘मुंबई इलाख्यातील पाश्चात्त्य वैद्यकीय शिक्षणाचा विकास, १८४५ ते १९४७’. शीर्षक भारदस्त आहे, पण त्यात प्रश्न नाही. शंभर वर्षांचे अहवाल वाचून झाल्यावर हाती उरते ती प्राचार्यांची नावे आणि इमारतींची यादी, आणि ती यादी कॉलेजच्या शताब्दीच्या स्मरणिकेत आधीच छापलेली असते.

प्रश्न असा निवडावा की त्याला पंधरा ते पंचवीस वर्षांची चौकट पुरेल आणि उत्तर न मिळाल्यास कुठला कागद गहाळ आहे हे सांगता येईल. चालण्याजोगे काही नमुने पाहा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ मध्ये पहिले आठ जण उत्तीर्ण झाले. भाऊ दाजी, आत्माराम पांडुरंग, जे. सी. लिस्बोआ ही त्यांतली नावे. त्या आठांना सरकारने कोणत्या पगारावर कुठे नेमले, आणि नोकरी सोडून खासगी व्यवसायात कोण गेले? १८६० च्या दशकात त्याच कॉलेजात मराठी माध्यमाचा वर्ग निघाला. त्यातून बाहेर पडलेल्याला कोणता हुद्दा मिळाला आणि इंग्रजी वर्गातल्याला कोणता? पणजीच्या वैद्यकीय शाळेत, जी १८४२ मध्ये सुरू झाली, शिकलेले गोवेकर डॉक्टर पोर्तुगालच्या आफ्रिकेतल्या वसाहतींत नोकरीला गेले. तिथे ते गोऱ्या डॉक्टरच्या बरोबरीचे होते की हाताखालचे? यांतला कोणताही एक प्रश्न प्रबंधाला पुरतो, आणि लेखाला तर पुरून उरतो.

आधी हुद्द्यांचा कोश

दफ्तरखान्यात पाऊल ठेवण्यापूर्वी आठवडाभर फक्त शब्दांवर घालवावा. जुन्या सूचीत ‘डॉक्टर’ शोधून काही सापडत नाही. त्या काळच्या सूचीत नोंदी असतात नेटिव्ह डॉक्टर, हॉस्पिटल असिस्टंट, हॉस्पिटल अप्रेंटिस, अपॉथेकरी, ड्रेसर, कंपाउंडर, व्हॅक्सिनेटर, सबऑर्डिनेट मेडिकल डिपार्टमेंट, डिस्पेन्सरी, सिव्हिल सर्जन या नावांखाली. यांतला प्रत्येक शब्द वेगळा पगार, वेगळी शाळा आणि वेगळी वरची पायरी दाखवतो.

नवशिक्याचा पाय इथेच घसरतो, कारण एकच नाव वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या माणसांना लागते. १८४० आणि १८५० च्या दशकांत ‘सब-असिस्टंट सर्जन’ म्हणजे कॉलेजात इंग्रजीतून शिकलेला, वरच्या दर्जाचा देशी डॉक्टर. पुढे या लोकांना ‘असिस्टंट सर्जन’ म्हणू लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोकळे झालेले जुने नाव हॉस्पिटल असिस्टंटांना, म्हणजे खालच्या शाळांतून आलेल्यांना, देण्यात आले. आता १८५५ चा आणि १९१५ चा सब-असिस्टंट सर्जन एकाच तक्त्यात बसवून ‘साठ वर्षांत पगार वाढलाच नाही’ असा निष्कर्ष काढला, तर तो साफ चूक. शिवाय कंपनीच्या नोकरीतला गोरा ‘असिस्टंट सर्जन’ आहेच. तो कमिशन मिळालेला वरचा अधिकारी, त्याचा या शिडीशी संबंध नाही.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर तक्ता आखावा: हुद्दा, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, कोणत्या शाळेतून, कोणत्या भाषेतून, किती वर्षांचा अभ्यास, सुरुवातीचा पगार, कोणाच्या देखरेखीखाली. नवी माहिती मिळेल तसा तो भरत जावा. वर्षभराने हाच तक्ता प्रबंधाचा कणा ठरतो.

कागद कोणी कोणाला लिहिला

प्राचार्याने एखादी गोष्ट मागितली की तिचा कागद प्रवासाला निघे. १८४० ते १८५५ या काळात मुंबईत तो बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे जाई, वैद्यकीय बाजू असेल तर मेडिकल बोर्डाकडे (इलाख्याच्या वैद्यकीय खात्याच्या वरिष्ठ मंडळाकडे), तिथून गव्हर्नर-इन-कौन्सिलकडे आणि खर्च मोठा असेल तर लंडनला कोर्ट ऑफ डायरेक्टर्सकडे, म्हणजे कंपनीच्या संचालक मंडळाकडे. १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्यानंतर (लंडनहून आलेल्या आदेशपत्रानंतर) बोर्ड ऑफ एज्युकेशन गेले आणि डायरेक्टर ऑफ पब्लिक इन्स्ट्रक्शन हे शिक्षण खात्याचे प्रमुख आले. १८५८ नंतर लंडनचा पत्ताही बदलला: कोर्टाच्या जागी सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे भारतमंत्री. प्रत्येक टप्प्यावर कागदाची नक्कल होते, सारांश होतो आणि काहीतरी गळते. प्राचार्याने मागितलेले पाच शिक्षक लंडनला पोहोचेपर्यंत दोन होतात, आणि छापील वार्षिक अहवालात ‘पुरेसा शिक्षकवर्ग’ असे वाक्य येते.

त्यामुळे एकच प्रकरण किमान दोन ठिकाणी वाचावे. मुंबई इलाख्याचे मूळ खंड काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्राच्या पुराभिलेखागारात आहेत. १८४० च्या सुमाराचे वैद्यकीय शिक्षण बरेचसे जनरल डिपार्टमेंटच्या खंडांत सापडते, पुढचे एज्युकेशन डिपार्टमेंटच्या. उल्लेख लिहिताना विभाग, वर्ष, खंड क्रमांक आणि कंपायलेशन क्रमांक (खंडातल्या त्या प्रकरणाचा क्रमांक) हे चारही हवेत. कंपायलेशन क्रमांक राहिला तर एका जाडजूड खंडात ते पत्र पुन्हा शोधताना दिवस जातो.

लंडनची बाजू ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये आहे. एफ/४ म्हणजे बोर्ड ऑफ कंट्रोलसाठी (कंपनीवर देखरेख करणाऱ्या लंडनच्या सरकारी मंडळासाठी) एकत्र बांधलेली प्रकरणे, १८५८ पर्यंतची. ई/४ म्हणजे खलिते. पी म्हणजे इलाख्यांच्या प्रोसीडिंग्जच्या, म्हणजे कामकाजाच्या नोंदींच्या, प्रती. व्ही/२४ म्हणजे छापील खातेनिहाय वार्षिक अहवाल. एल/मिल/९ मध्ये सर्जनांचे भरतीचे कागद. एफ/४ चा मोठा फायदा असा की मुंबईतली फाइल ‘ब्रिटल’ (कागद ठिसूळ, हाताळता येत नाही) असा शेरा मारून परत आली, तर तेच प्रकरण तिथे स्वच्छ अक्षरात, क्रमाने बांधलेले मिळण्याची शक्यता असते. तोटा हा की जे लंडनला पाठवले नाही ते तिथे नाही. कारकुनांचे शेरे, फेटाळलेला मसुदा, विद्यार्थ्यांचा मूळ अर्ज हे सगळे मुंबईतच.

दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात होम डिपार्टमेंटची मेडिकल शाखा पाहावी. १९२३ पासून एज्युकेशन, हेल्थ अँड लँड्स हे खाते. ‘ए’ वर्गाच्या प्रोसीडिंग्ज छापलेल्या असतात म्हणून सगळे त्याच वाचतात. खरी भांडणे नोट्समध्ये आणि ‘के. डब्ल्यू.’ (कीप विथ) म्हणून मागे जोडलेल्या कागदांत असतात. एखाद्या ठरावाची भाषा फारच गुळगुळीत वाटली की के. डब्ल्यू. मागवावेच. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अभिलेख पटल या पोर्टलवर बरेच कागद घरबसल्या दिसतात, पण तिथली शीर्षके मूळ सूचीवरून घेतलेली आहेत. शोधताना वरच्या कोशातलेच शब्द टाकावे लागतात.

वाचनकक्षातली शिस्त

विद्यापीठाच्या किंवा मार्गदर्शकाच्या शिफारसपत्राच्या दोन-तीन प्रती, ओळखपत्र, पेन्सिल आणि साधी वही. फोटो काढू देतात का, शुल्क किती, दिवसाला किती मागण्या, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते आणि बदलत राहते. जाण्याआधी विचारून घ्यावे. पहिल्या दिवशी फाइल मागवू नये. त्या दिवशी फक्त सूची वाचावी, पाच वर्षांची सलग, आणि मागणीच्या चिठ्ठ्यांसाठी यादी तयार करावी.

फोटो काढण्याची मुभा असेल तर प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला कागदाच्या कपट्यावर पूर्ण संदर्भ लिहून त्याचा फोटो घ्यावा, मग पाने. मागची कोरी वाटणारी बाजूही घ्यावी, शेरे तिथेच असतात. एका दिवसाचे फोटो वाचायला तीन दिवस लागतात असे धरून वेळ आखावा. आठ हजार फोटो आणि शून्य टिपणे ही स्थिती भल्याभल्यांची होते. रोज रात्री निदान प्रत्येक फाइलचा तीन ओळींचा गोषवारा लिहून काढावा: कोणी, कोणाला, कशासाठी लिहिले आणि निकाल काय लागला.

संदर्भ क्रमांक स्वतःजवळ ठेवावेत, कॅटलॉगच्या भरवशावर राहू नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिचा ऑनलाइन कॅटलॉग महिनोनमहिने बंद राहिला. ज्यांच्या वहीत क्रमांक लिहिलेले होते त्यांचे काम त्यातल्या त्यात चालले.

तारखांच्या बाबतीत एक बारीक सापळा. पत्रात ‘१४ अल्टिमो’ असेल तर ती गेल्या महिन्याची १४ तारीख, ‘इन्स्टंट’ म्हणजे चालू महिना, ‘प्रॉक्सिमो’ म्हणजे पुढचा. संक्षेपात लिहिलेले असल्याने ते नजरेतून सुटते आणि घटनाक्रम महिन्याने पुढे-मागे होतो.

छापील तारखांवरही डोळे मिटून विश्वास नको. कलकत्ता मेडिकल कॉलेजातले मधुसूदन गुप्तांचे शवविच्छेदन, जे आधुनिक काळात भारतीयाने केलेले पहिले मानले जाते, हे ठळक उदाहरण. कुठे १० जानेवारी १८३६ आढळते, कुठे २८ ऑक्टोबर १८३६. सोबत फोर्ट विल्यमवरून तोफांची सलामी दिल्याची कथा येते. अशा वेळी दोन्ही तारखा मांडून प्रत्येकीचा सर्वांत जुना लेखी आधार कोणता हे दाखवावे. घटनेनंतर बारा-पंधरा वर्षांनी झालेले भाषण हा तारखेचा पुरावा होत नाही. ती कथा कोणाला, कधी आणि का हवीशी वाटली याचा मात्र तो उत्तम पुरावा असतो, आणि बऱ्याचदा तोच प्रश्न अधिक रसाळ निघतो.

आकडे कुठे फसवतात

वार्षिक अहवाल म्हणजे पुढच्या वर्षाच्या पैशांसाठी केलेला अर्ज, असे समजून वाचावा. पटसंख्या फुगवण्याचा सोपा मार्ग म्हणजे इंग्रजी वर्गातले नियमित विद्यार्थी, देशी भाषेच्या वर्गातले, लष्करी अप्रेंटिस आणि नुसते व्याख्यानाला बसणारे यांची एकत्र बेरीज. तक्त्याखालची बारीक अक्षरातली टीप वाचल्याशिवाय कोणताही आकडा उचलू नये. दाखल झालेले, परीक्षेला बसलेले आणि उत्तीर्ण झालेले हे तीन आकडे वेगळे ठेवावेत. मधेच सोडून गेलेल्यांबद्दल अहवाल सहसा गप्प असतात. ते शोधायचे तर शिष्यवृत्तीच्या हिशेबात: कोणाचे पैसे कोणत्या महिन्यापासून थांबले.

वर्षही तपासून घ्यावे. सरकारी हिशेबाचे वर्ष आधी १ मे ते ३० एप्रिल होते. ते १ एप्रिलवर आणले तेव्हा १८६६-६७ चे वर्ष अकरा महिन्यांचे झाले. त्या वर्षी खर्च घटलेला दिसला तर काटकसरीचा सिद्धांत मांडण्याआधी बाराने गुणून अकराने भागावे.

१८३५ पूर्वीचे रुपये सगळीकडे सारखे नाहीत. बंगालचे १०० सिक्का रुपये म्हणजे कंपनीचे साधारण १०६⅔. पौंडात रूपांतर करताना १८७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत रुपयाला जवळपास दोन शिलिंग धरले तर चालते. पुढे चांदी घसरत गेली आणि शतकाअखेर दर एक शिलिंग चार पेन्सवर ठरला. गोऱ्या प्राध्यापकांच्या पगाराच्या तक्रारी या घसरणीकडे पाहिल्याशिवाय कळत नाहीत.

नावे जुळवणे

विद्यार्थ्यांच्या मागावर जायचे असेल तर नावांची डोकेदुखी अटळ. भाऊ दाजींचे नाव रामकृष्ण विठ्ठल लाड, पण कॉलेजच्या यादीत ते ‘लाड’ खाली मिळत नाहीत. आत्माराम पांडुरंगांच्या बाबतीत तर्खडकर हे आडनाव गळते. ‘पांडुरंग’ रोमन लिपीत लिहिताना ‘उ’साठी कधी यू, कधी दोन ओ. कलकत्त्याचे सूर्यकुमार चक्रवर्ती १८४५ मध्ये द्वारकानाथ टागोर आणि कलकत्ता मेडिकल कॉलेजचे प्राध्यापक डॉ. गुडीव्ह यांच्याबरोबर इंग्लंडला गेले, तिथे ख्रिस्ती झाले, गुडीव्ह हे नाव मधे लावून घेतले आणि १८५५ मध्ये स्पर्धापरीक्षेतून इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये शिरलेले पहिले भारतीय ठरले. त्यांच्या आडनावाची इंग्रजी स्पेलिंग आजच्या सवयीने शोधली तर काही हाती लागत नाही.

उपाय एवढाच की प्रत्येक माणसाला एक क्रमांक द्यावा आणि त्यापुढे आढळलेली सर्व रूपे जशीच्या तशी नोंदवावीत. दोन नोंदी एकाच माणसाच्या मानायच्या तर नावाखेरीज आणखी दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत: उत्तीर्ण वर्ष, वडिलांचे नाव, नेमणुकीचे गाव यांपैकी. न जुळल्यास त्या वेगळ्याच राहू द्याव्यात.

स्त्रियांच्या बाबतीत कागद आणखी विखुरलेले आहेत, कारण बऱ्याच जणी बाहेर शिकल्या. आनंदीबाई जोशींचे १८८६ च्या पदवीचे कागद फिलाडेल्फियात, रखमाबाईंचे शिक्षण लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत. मद्रासने १८७५ मध्येच स्त्रियांना प्रवेश दिला होता. भारतीय स्त्रियांना वैद्यकीय मदत पुरवण्यासाठी १८८५ मध्ये निघालेल्या डफरिन फंडाचे छापील अहवाल मुबलक आहेत, पण त्यांत देणगीदार अधिक आणि विद्यार्थिनी कमी.

इंग्रजी फाइलबाहेर

सरकारी फाइलीत मराठी अर्ज येतो तो बहुधा ‘ट्रान्सलेट’ म्हणून. मूळ मोडीतला कागद मागे जोडलेला असेल तर तोच वाचावा. वैद्य, हकीम, सुईण, जखमा बांधणारा न्हावी या सगळ्यांना भाषांतरकार एकाच ‘नेटिव्ह प्रॅक्टिशनर’मध्ये कोंबू शकतो. तीन-चार महिने रोज तासभर दिला तर एकोणिसाव्या शतकातली कचेरीची मोडी वाचता येते. ती पेशवाईतल्या पत्रांपेक्षा सहसा सोपी जाते.

वृत्तपत्रांत १८४२ चे ‘ज्ञानोदय’ आणि १८४९ चे ‘ज्ञानप्रकाश’ उपयोगी. सरकारने काढलेले देशी वृत्तपत्रांचे इंग्रजी गोषवारे वेळ वाचवतात, पण ते सरकारी भाषांतरकाराने निवडलेले सारांश आहेत. त्यावरून ‘वृत्तपत्राने असे लिहिले’ म्हणू नये. मूळ अंक मिळाला नाही तर ‘गोषवाऱ्यानुसार’ असे स्पष्ट लिहावे.

ज्या प्रश्नाबद्दल शिक्षण खाते गप्प आहे त्यासाठी दुसरे खाते उघडावे. विच्छेदनाला प्रेते कुठून आली हे कॉलेजच्या अहवालात क्वचितच असते. ते इस्पितळाच्या आणि पोलिसांच्या पत्रव्यवहारात शोधावे लागते, कारण बेवारस प्रेताची विल्हेवाट त्यांच्याकडे होती. ‘देशी लोकांनी विच्छेदनाचा पूर्वग्रह कसा सोडला’ ही अहवालांची आवडती गोष्ट त्या बाजूने वाचली की वेगळी दिसते. बेवारस प्रेते विच्छेदनाला देता यावीत म्हणून इंग्लंडने १८३२ मध्ये कायदा केला. मुंबईचा तसाच ॲनाटमी कायदा १९४९ चा.

दुसरे साम्राज्य जोडताना

तुलना हवी असेल तर एकच धागा घ्यावा. सर्वांत फळणारा धागा परवान्याचा: पदवी मिळवलेला माणूस कुठे, कोणाच्या देखरेखीशिवाय व्यवसाय करू शकत होता? डच बटाव्हियात (आजच्या जकार्तात) १८५१ मध्ये ‘डॉक्टर जावा’ शाळा निघाली, तिची पुढे स्टोव्हिया ही वरच्या दर्जाची वैद्यकीय शाळा झाली आणि तिच्याच विद्यार्थ्यांनी १९०८ मध्ये बुदी उतोमो ही संघटना काढली. फ्रेंचांनी हनोईत १९०२ मध्ये जीवाणूशास्त्रज्ञ अलेक्झांडर येर्सिन यांच्या हाताखाली आणि डाकारला १९१८ मध्ये शाळा काढल्या. डाकारचा पदवीधर ‘आफ्रिकी डॉक्टर’, फ्रान्समधल्या डॉक्टराच्या बरोबरीचा नव्हे. ब्रिटिश भारतात पदवी वरवर पाहता बरोबरीची, पण १९३० मध्ये लंडनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने (डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या मंडळाने) भारतीय पदव्यांची मान्यता काढली आणि त्यातून १९३३ चा इंडियन मेडिकल कौन्सिल कायदा आला. हे सारे एका तक्त्यात मांडले की प्रकरण उभे राहते.

मात्र भाषा न शिकता तुलना करू नये. फ्रेंच कागद एक्स-आं-प्रोव्हान्सला, डच हेगला, पोर्तुगीज लिस्बनला आणि पणजीच्या गोवा अभिलेखागारात. मराठी संशोधकाला पोर्तुगीज हा सर्वांत जवळचा पर्याय आहे आणि त्या वाटेवर गर्दीही कमी आहे. छापील पोर्तुगीज सहा-आठ महिन्यांत वाचता येऊ लागते, हस्तलिखिताला वर्ष धरावे.

वेळ, पैसा, लेख

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे. त्यातले कोर्सवर्क आणि मंजुरीचे महिने वजा करून दफ्तरखान्याला सव्वा ते दीड वर्ष मिळते. परदेशातला दफ्तरखाना दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ठेवावा, आधी नको: मुंबईचे आणि दिल्लीचे कागद वाचून झाल्याशिवाय लंडनमध्ये काय मागायचे हे कळत नाही, आणि तिथला दिवस महाग असतो. थोड्या मुदतीच्या लंडनवारीसाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्टसारख्या संस्थांची मदत मिळू शकते. अर्जात ‘इंडिया ऑफिस रेकॉर्ड्स पाहणार’ असे मोघम लिहिण्याऐवजी पंधरा-वीस शेल्फमार्क (कागदांचे संदर्भ क्रमांक) द्यावेत. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिश भारतातील वैद्यकविषयक बरेच छापील अहवाल मोफत ऑनलाइन ठेवले आहेत. तिथे मिळणाऱ्या गोष्टीसाठी प्रवासखर्च मागितला तर परीक्षकाच्या ते लगेच लक्षात येते.

पहिला लेख प्रबंधाच्या आधी, एका फाइलवर किंवा एका तुकडीवर लिहावा. आठ हजार शब्द, एक तक्ता, एक दावा. इंग्रजी नियतकालिकाकडे पाठवताना ‘मुंबईवर अद्याप काम झालेले नाही’ हे कारण पुरत नाही. कलकत्त्यावरच्या लिखाणातले कोणते विधान मुंबईच्या कागदांनी मोडते किंवा बदलते ते पहिल्या पानावर यावे. उदाहरणार्थ, कलकत्त्याची देशी वैद्यकीय शाळा बंद करून इंग्रजी माध्यमाचे कॉलेज काढण्याच्या १८३५ च्या निर्णयाने देशी भाषेतले वैद्यकीय शिक्षण संपले असे कलकत्त्यावरून वाटते. मुंबईत सर्जन मॅक्लेनन यांची देशी भाषांतली वैद्यकीय शाळा १८२६ ते १८३२ चालून आधीच बंद पडली होती आणि मराठी वर्ग पुन्हा निघाला तो तीस वर्षांनी. लेख मराठीतही वेगळा लिहावा, भाषांतर करून नव्हे: मराठी वाचकाला भाऊ दाजी कोण हे सांगावे लागत नाही, पण मेडिकल बोर्ड काय होते हे सांगावे लागते.

प्रबंध सादर झाला की विद्यार्थ्यांच्या नावांचा तक्ता, सर्व स्पेलिंगांसह, साध्या सीएसव्ही फाइलमध्ये विद्यापीठाच्या भांडारात ठेवून द्यावा. त्यात प्रत्येक ओळीसमोर खंड आणि कंपायलेशन क्रमांक असावा, आणि जिथे दोन नोंदी एकाच माणसाच्या असल्याचा नुसता अंदाज आहे तिथे तसा वेगळा रकाना.